सुनंदाचे बिनसहीचे पाकीट

सुनंदा गेली.

हे वाक्य मी तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा पुसले. परवा दुपारी ती माझ्याशी फोनवर बोलली होती. माणूस असे कसे जाते?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लातूरच्या अलीकडे एका ख्रिस्ती विद्यापीठात, मुलींच्या हॉस्टेलच्या फाटकावर मी एकतीस वर्षे रखवालदार होतो. शिक्षण चौथी. परंतु माझ्या लेखी कामात कोणी कधी चूक दाखवली नाही.

तेथील नियम कडक होते.

आवारात चहा नाही. सिनेमा नाही. प्रार्थनेला जाताना मुलांची वाट वेगळी, मुलींची वेगळी. त्यांच्या पंथात विसाव्याचा दिवस शनिवार, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत अभ्यासाचे पुस्तकसुद्धा उघडायचे नाही.

आणि अंगावर दागिना नाही.

मुली कानातले, बांगड्या फाटकावर काढून देत. मी ते पाकिटात घालून, वर नाव लिहून पेटीत ठेवत असे. सुट्टीला जाताना वस्तू परत. मुलीने रिकाम्या पाकिटावर सही करायची आणि पाकीट माझ्या हाती द्यायचे.

मी हिंदू शेतकऱ्याचा मुलगा. तरी नोकरी होती तोवर चहाला तोंड लावले नाही. त्या नियमांची थट्टा मी तेव्हा केली नाही, आजही करत नाही.

सुनंदा देगलूरकडची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत आली, तेव्हा पदराच्या गाठीतून तिने मंगळसूत्र काढून माझ्यापुढे धरले. दोऱ्याला अजून हळद होती.

"मामा, लगीन झालंय माझं. घरच्यांनी उरकलं. मालक म्हणतेत शिक, पण इथं कळलं तर हॉस्टेलातून नाव काढतेत. दीड वर्षच राहिलंय."

विवाहित मुलीला हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. हॉस्टेल सुटले की तिचे शिक्षण सुटणार, हे मलाही कळत होते.

मी मंगळसूत्र हाती घेतले. पाकिटात घातले.

वर खरे नाव लिहिले तर ती जाणार. खोटे नाव लिहिणे मला जमले नाही. म्हणून जागा कोरी सोडली.

तीच माझी चूक.

पंधरा दिवसांनी वॉर्डन, ज्यांना आम्ही मोठ्या मिस म्हणत असू, त्यांनी पेटी तपासली. साऱ्या पाकिटांत बिननावाचे एकच. त्यांनी ते उघडले आणि विचारले, "हे कोणाचे?"

"माझ्या पत्नीचे. दोरा तुटला होता, ओवून आणला."

आयुष्यात कामाच्या जागी बोललेले ते माझे एकमेव खोटे. मोठ्या मिस आता नाहीत, पत्नीही नाही. म्हणून आज उघडपणे लिहितो.

मिस म्हणाल्या, तुमच्यात बाईचा गळा असा रिकामा ठेवत नाहीत ना, चला, आत्ताच देऊ. आणि त्या स्वतः माझ्याबरोबर क्वार्टरवर आल्या.

पत्नी दारात आली. तिचे स्वतःचे मंगळसूत्र पदराखाली होते. मी सुनंदाचे पुढे केले आणि म्हणालो, "घे, तुझे ओवून आणले."

तिने माझ्याकडे पाहिले. मिसकडे पाहिले. मग निमूटपणे ते गळ्यात घातले.

परस्त्रीचे सौभाग्य. आपल्याकडील बायकांना याचा अर्थ सांगायला नको.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "दुसरीच्या कुंकवाचं माझ्या गळ्यात घालायला लावलं तुम्ही. आता ती पोरगी नापास झाली, तर तुमचं काही खरं न्हाई."

पुढे दीड वर्ष, तिच्या सुट्ट्या सोडल्या तर, ते आमच्या देव्हाऱ्यात राहिले. दर शुक्रवारी पत्नी त्याला हळदकुंकू वाहत असे.

सुनंदा प्रथम श्रेणीत पास झाली. शेवटच्या दिवशी मी ते पुन्हा पाकिटात घातले आणि वर प्रथमच नाव लिहिले. सौ. सुनंदा. तिने फाटकाबाहेर एक पाऊल टाकले, तेथेच मंगळसूत्र घातले, रिकामे पाकीट माझ्या हाती कोंबले आणि धावत सुटली.

"सही!" मी म्हणालो.

"एसटी चुकंल मामा. पुढच्या बारीला करते."

नांदेडला ती शिक्षिका झाली, पुढे मुख्याध्यापिका. नोकरी सुटल्यावरचा माझा पहिला चहा मी तिच्या घरी प्यालो. ती दरवर्षी लातूरला येई. मी पाकीट पुढे केले की हसून परत सारी. म्हणे, सही झाली की हिशेब मिटला, मग तुम्ही मला ओळखणार नाही.

परवाचा फोन असा होता.

"मामा, बीपीची गोळी घेतली का? नुसतं हाव म्हणू नका, डबी बघून सांगा. रविवारी येऊन राहिले मी. पाकीट काढून ठेवा. आता करूनच टाकते सही."

मी पाकीट काढून टेबलावर ठेवले.

काल सकाळी शाळेच्या प्रार्थनेत उभी असताना ती कोसळली. तिच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी तिला आईचे पूर्ण नाव सांगायला लावले. दोनदा. वाटले, दुसरी कोणी असेल.

टेबलावरचे पाकीट खिशात टाकून दुपारी नांदेडला पोहोचलो. हिरवे लुगडे, कपाळभर कुंकू, गळ्यात तेच काळे मणी. अंत्ययात्रा निघण्यापूर्वी तिच्या यजमानांनी ते काढले आणि हातात घेऊन तसेच उभे राहिले. कोठे ठेवावे, त्यांना सुचेना.

मी खिशातून पाकीट काढून पुढे केले. विचार करून नव्हे. एकतीस वर्षांची सवय.

त्यांनी त्यात ठेवले. मुलीने सहीची कोरी जागा पाहिली. तिला सारे ठाऊक होते.

"आजोबा, आईच्या जागी मी करू का सही?"

मी नको म्हणालो. ज्याची वस्तू, त्याचीच सही. तो नियम आहे.

पाकीट तिच्या हाती दिले आणि गोदावरीच्या घाटावर गेलो.

सुनंदा, या वेळीही तू सही न करता गेलीस.

नियम मोडलास. मी तक्रार करणार नाही.

जा बाई. फाटक उघडे आहे. तुझ्या मामाचा तुला साश्रू नमस्कार.