भाडं नव्हे, डिझेल

आमच्या घरात पत्रकं रद्दीत जात नसत. जळोचीच्या आमच्या दोन खोल्यांत ती फडताळात अंथरलेली असायची, पिठाच्या डब्याला चिकटवलेली असायची, आणि शाळेत जायच्या आधी मी 'परवाना' हा शब्द वाचायला शिकले तो त्या डब्यावरून. वडील बारामती-इंदापूर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे आणि चालकांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. त्यांचं सगळं नियमानं होतं. परमिट, दरवेळचं पासिंग, पॅसेंजरचा विमा, छातीवर बिल्ला. ज्यांचं नियमानं नव्हतं त्यांच्यावर पत्रक निघायचं, आणि सगळ्यात जास्त पत्रकं निघाली ती पांढऱ्या पाटीच्या गाड्यांवर.

पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी, पिवळी पाटी म्हणजे भाड्याची. घरगुती गाडीचा विमा स्वस्त पडतो, कारण पैसे घेऊन माणसं न्यायची नाहीत अशी त्यात अट असते. नेली आणि काही झालं, की कंपनी हात वर करते. हे मला दहावीच्या अभ्यासाआधी पाठ होतं.

माझा सख्खा चुलता सणसरला राहतो, आणि त्याची सात सीटची गाडी पांढऱ्या पाटीची होती. त्याच्या वाट्याची जमीन थोडी, घर चालायचं ते गाडीवर. तरीही तो पैसे घेत नव्हता, म्हणजे त्याच्या हिशेबानं घेत नव्हता. सणसरमध्ये कुणाला बारामतीच्या दवाखान्यात जायचं असलं, कुणाकडे सुपारी फुटायची असली, तर निरोप यायचा. चुलता जायचा. परत येताना पाहुणे पंपावर गाडी थांबवायला सांगायचे आणि टाकी भरायचे. जितक्या अंतराला जितकी भरायची ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर कधी कुणी शब्द काढला नाही. ही टाकी जरुरीपेक्षा जास्तच भरायची, आणि जास्तीचं जे, ते चुलत्याचं. कार्य असलं तर वर टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिलं ताट. याला भाडं म्हटलेलं त्याला चालत नसे.

"आपल्या माणसांकडनं भाडं कसं घ्यायचं?" तो म्हणायचा. "ते डिझेल टाकत्यात."

वडील यावर काही बोलत नसत. दोघा भावांत भांडण नव्हतं. फक्त दिवाळीला एका ताटात फराळ करताना गाडीचा विषय निघत नसे, एवढंच.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पत्रकं मी लिहायला लागले. माझ्या पहिल्याच पत्रकात मी सणसरच्या फाट्यावर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांबद्दल लिहिलं. परवान्याचा खर्च करून रांगेत नंबर लावणाऱ्या चालकाच्या पोटावर हे लोक पाय देतात, आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला कसलंही संरक्षण नसताना त्याला बसवतात, असं स्पष्ट लिहिलं. नाव कुणाचं घातलं नाही. पत्रक चहाच्या टपरीवर पोचलं. पुढच्या वेळी चुलता भेटला तेव्हा त्यानं खिशातून ते काढलं, नीट घडी घातलेलं.

"झ्याक लिवलंयस पोरी," तो म्हणाला. "माझ्या गाडीचा रंग तेवढा घालायचा राह्यला."

मी त्याला पिवळी पाटी घे म्हणाले. त्यानं जे कारण सांगितलं ते खर्चाचं नव्हतं. पांढऱ्या पाटीवर तो गाडीवाला होता. गाडी घेऊन कुणाच्या दारात गेला तर त्याला आत बोलावून पाटावर बसवत. पिवळी पाटी लावली की तो डायवर होणार, आणि डायवरचं ताट बाहेर गाडीपाशी येतं. ते माझ्या वडिलांनी जन्मभर गाडीपाशीच खाल्लं होतं. हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवलं असणार, कारण तो लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागला.

अपघात साखरपुड्याहून परतताना झाला. भावकीतले एक आबा, त्यांची बायको आणि दोघी लेकी गाडीत होत्या. आबा पुढच्या सीटवर, कारण मानाची सीट ती. संध्याकाळी इंदापूरच्या अलीकडे वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा, ना लाल कापड. ती चुकवायला चुलत्यानं गाडी बाजूला काढली ती थेट रस्त्याकडेच्या चारीत गेली. मागच्या बायकांना मुका मार लागला. आबांचं मनगट मोडलं. गाडीचं तोंड पार आत गेलं.

गॅरेजवाल्यानं दुरुस्तीचा आकडा सांगितला तेव्हा चुलता गॅरेजमध्येच खाली बसला. गाडीवर बँकेचा बोजा होता. विम्याची रक्कम आली तर गाडी पुन्हा रस्त्यावर येणार होती, नाहीतर तिथंच उभी राहणार होती.

तो जळोचीला माझ्याकडे आला. कंपनीचा तपासणारा माणूस येणार होता, आणि गाडीतल्या सगळ्यांचे जबाब आधीच लिहून ठेवावेत असं त्याच्या मनात होतं. सगळे पाहुणे, सहज सोबत नेलेले, काही दिलं-घेतलं नाही. माझी लेखणी चालते, तर मी लिहावं. मी नाही म्हणाले. खोटं लिहिणार नाही, आणि ज्यावर मी पत्रक काढलं तेच झाकायला तर मुळीच नाही, असं बरंच काही म्हणाले. तो ऐकून उठला आणि गेला.

रात्री जेवताना वडील म्हणाले, "नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. पण त्याला चहा तरी द्यायचास."

मग चुलत्यानं लिहायचं सोडून दिलं आणि सगळ्यांना तोंडीच पढवलं. आबांना तर दोनदा. आबांनी मान डोलावली.

तपासणारा माणूस आला त्या दिवशी मी आणि आई आबांचा हात बघायला सणसरला त्यांच्या घरी गेलो होतो. मला विचारलं तर मी खरं सांगणार हे चुलत्याला माहीत होतं, म्हणून त्यानं मला माजघरात बायकांत बसवलं. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. माणूस तरुण होता, गोड बोलणारा. त्यानं आधी हाताची चौकशी केली, चहा घेतला, यंदा उसाला तोड कधी मिळाली विचारलं. मग गाडीकडे वळला. गाडी कुणाची, नातं काय. आबा व्यवस्थित बोलत होते. भावकीतला पोरगा हाय, कार्याला त्यालाबी यायचंच होतं, म्हणून एकाच गाडीतनं गेलो. चुलत्यानं शिकवलेलं अक्षर न अक्षर बरोबर. माजघरात आईनं माझा हात धरला होता. ते नीट पार पडावं असं मला वाटत होतं, आणि मला तसं वाटतंय याचा रागही येत होता.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला फुकटच नेलं म्हणायचं," तो माणूस हसून म्हणाला.



"फुकट?" आबा म्हणाले. "लेकीच्या साखरपुड्याला मी दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसून जाईन व्हय? टाकी भरली त्याची. टॉवेल-टोपी केली. पयलं ताट वाढलं. हितं बसलाय, विचारा त्याला."

त्या माणसानं शांतपणे विचारलं, की हे आधी ठरलं होतं का.

"ठरवायचं काय त्यात? जो रेट हाय तो हाय. सगळा गाव देतो. आमच्या घरानं कधी कुणाचं ठेवलं न्हाय."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. चुलता खाली बघत होता. तो आबांच्या अंगावर गेला नाही, पढवलेल्याची आठवण करून दिली नाही, त्यांना खोटंही पाडलं नाही. त्याला तेव्हा म्हणता आलं असतं, की म्हातारं माणूस आहे, मोठेपणासाठी बोलतंय. पण चार माणसांसमोर आबा फुकट बसले होते असं म्हणणं त्याच्याच्यानं झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "व्हय. टाकलं आबांनी डिझेल."

माणूस गेल्यावर आबांची बायको त्यांना म्हणाली, की निदान ताटाचं तरी सांगायचं नव्हतं.

"मग काय उपाशी ठेवला म्हणून सांगू?" आबा म्हणाले. ते खरोखरच चकित झाले होते.

कंपनीनं दावा नाकारला. आबांच्या हाताचंही काही मिळालं नाही. भाडं देऊन घरगुती गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी घरगुती विम्यावर नसते. हे वाक्य मी स्वतः पत्रकात छापलं होतं, पण तेव्हा त्यात प्लॅस्टरमधला हात नव्हता. नियम बरोबर आहे असं मी आजही म्हणते. मात्र शोरूममधल्या ज्या माणसानं चुलत्याला ही गाडी विकली, त्यानंच लग्नसराईत हप्ते फिटतील असं सांगितलं होतं, आणि त्याच टेबलावर शेजारी बसलेल्यानं घरगुती विम्याचा कागद पुढं केला होता. तालुक्यातली अर्धी सात सीटची वाहनं कशासाठी घेतली जातात हे त्या टेबलाला माहीत असतं. हप्ता घेताना ते विचारत नाहीत. पैसे द्यायची वेळ आली की गोड बोलणारा माणूस चहाला पाठवतात. यावर मी पत्रक लिहिलं, आणि त्यात फाट्यावरच्या गाड्यांच्या आधी त्या टेबलाचा नंबर लावला.

दुरुस्ती चुलत्यानं स्वतःच्या खिशातून केली, एकेक पार्ट आणत. गाडी निघायच्या बेताला आली तेव्हा तो जळोचीला आला आणि माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाला, "दादा, पिवळ्याचं काय काय लागतं?"

वडिलांनी चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. बँकेचा ना-हरकत दाखला, मग आरटीओकडे अर्ज, पासिंग, वेग बांधणारं यंत्र, परमिट, आणि विमा नव्यानं, सीट मोजून पॅसेंजरसकट. दुसऱ्या दिवशीपासून ते स्वतः त्याच्याबरोबर आरटीओत जाऊन उभे राहिले. एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. चहा मात्र या वेळी मी केला.

पिवळी पाटी लागल्यावर पहिली फेरी आबांचीच होती. मोडलेला हात पुन्हा दाखवायला बारामतीला जायचं होतं. मी सणसरलाच मुक्कामाला होते, मलाही परत यायचं होतं. आबा गाडीला एक चक्कर मारून पाटीपाशी थांबले आणि किती घेणार विचारलं. चुलत्यानं आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा सांगितला असावा, कारण तो सांगताना दुसरीकडे बघत होता.

आबा म्हणाले, जास्त होतंय. फाट्यावरचा दुसरा कमी घेतो.

चुलता थक्क झाला. इतकी वर्षं टाकी भरताना आबांनी कधी काटा बघितला नव्हता.

"आता धंदा हाय न्हवं तुझा," आबा म्हणाले. "मग भाव करायला कसली लाज?"

चुलत्यानं इंजिन बंद केलं आणि दोघांची घासाघीस सुरू झाली. शेवटी आबा थोडे चढले, चुलता थोडा उतरला. आबांनी मागचं दार उघडलं, मानाच्या सीटकडे पाहिलंही नाही. बसल्यावर त्यांनी विचारलं, "आता हात मोडला तर कोण भरणार?"

"कंपनी."

"समद्यांचा?"

"सातच्या सात सीटांचा," चुलता म्हणाला, आणि आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. मग गाडी सुरू केली. पंप आला तेव्हा सवयीनं त्याचा पाय ब्रेकवर गेला. आबा म्हणाले, "चल की पुढं. आज तुझं तू टाक."