प्रचारगाडीची फुटकी भिंत

बियाण्याच्या एका कंपनीच्या प्रचारगाडीवर मी तेव्हा ड्रायव्हर होतो. गावोगाव बीटी कापसाचा सिनेमाही मीच लावायचो आणि हंगामभर राहायचोही गाडीतच. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. बाहेर फायबरच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढं पांढरंशुभ्र बोंड रंगवलेलं. गाडी जुनी होती. त्या साली खिडकीच्या कोपऱ्यातून चीर निघाली आणि बोंडातून आरपार मागच्या दिव्यापर्यंत गेली. मी लांबीचा लगदा भरून ती बुजवायचो, आठवडाभरात ती पुन्हा उघडायची.

डोणगावात कुलरच्या फायबर टाक्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी भिंत बोटानं वाजवून पाहिली. सगळीकडे टणक आवाज, खिडकीखाली मात्र बद्द.

"काऊन असं?" मी विचारलं.

"मले काय माहीत? खोलून पाहू."

भिंत कापली तर आतल्या लाकडाचा भिजून भुसा झालेला. पण पाणी येतं कुठून? चाचांनी टपावर बादली ओतली. मी आत आडवा पडून बॅटरी मारत राहिलो. टपावरचा भोंगा ज्या बोल्टवर बसवला होता, तिथून एक थेंब निघाला आणि सरपटत भिंतीत शिरला.

"सापडलं!" मी ओरडलोच.

बोल्ट बंद केला, लाकूड बदललं. मग चिरेवर काचतंतूंची जाळी ठेवून वर रसायन लावायचं होतं. चाचांनी मग्यात त्यात घट्ट करणारं औषध कालवलं, तर मगा आपोआप तापून वाफाळायला लागला. खाली विस्तव नाही, काही नाही.

"हे कायनं तापून राह्यलं, भाऊ?"

विचारणारी पन्नाशीची एक बाई मागे उभी होती. जवळच्याच गावची, पदरात हिरवी बोंडं. गाडीवरचं चित्र पाहून थांबली होती.

"पेरणीच्या वक्ती तुमच्या सिनेमात सांगतलं, अळी लागत नाही. मंग हे काय आहे?"

तिनं नखानं बोंड फोडलं. वरून धडधाकट, आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही तीच. चाचांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मला सिनेमातलं वाक्य न् वाक्य पाठ होतं, पण बोंड फोडून मी कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, संध्याकाळी तुमच्याच गावात खेळ आहे. माइकवर तुम्हीच बोला ना."

तिनं उरलेली बोंडं पदरात बांधली. "हाव, बोलतो."

अर्ध्यात सिनेमा थांबवून मी माइक तिच्या हाती दिला. "आपापल्या वावरातली बोंडं फोडून पाहा. म्या पाह्यली." एवढंच बोलली. माणसं उठली, जवळच्या शेतांतून बोंडं घेऊन आली आणि गाडीच्या दिव्याखाली एकेक फोडू लागली. बहुतेकांत तीच अळी निघाली. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तक्रार द्यायला तालुक्याला कृषी कार्यालयात गेले.

कंपनीनं मला गाडीवरून उतरवलं. मी चाचांकडे गेलो. त्यांनी एक ब्रश पुढे केला.

हिवाळ्यात ती बाई डोणगावच्या बाजारात भेटली. अर्धं पीक हातचं गेलं होतं. उरलेला कापूस वेचून, पऱ्हाट्या म्हणजे कापसाची झाडं उपटून तिनं हरभरा पेरला होता.

"घाटे भरले का?" मी विचारलं.

"येऊन पाहा ना."

मी गेलो.