डुकराची झडप आणि चिंचेचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूची आठवण झाली तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

लहानपणी सांधे धरून ताप आला आणि बहिणीच्या हृदयाची एक झडप खराब झाली. लग्नानंतर चार पावलं चालली की ती धापा टाकायची. मुंबईच्या डॉक्टरांनी ती झडप काढून डुकराची बसवली. धातूची बसवायची तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी घ्यायची आणि रक्त सारखं तपासायचं. कोपरगावजवळच्या तिच्या खेड्यात ते कुठून जमायचं? डुकराची बसवल्यावर पोरगी उसाच्या बांधावरून भाकरीची पाटी घेऊन चालायला लागली. सासूनं मात्र डुकराचं नाव ऐकलं आणि तिला देवघराचा उंबरा बंद केला.

चार वर्षं जेमतेम गेली असतील. दुष्काळात पुन्हा धाप सुरू झाली, पाय सुजले. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक झालीय, ताबडतोब मुंबईला न्या, बदलावी लागेल. हे मला कळलं महिन्याभरानं. संगमनेरहून एसटीनं धावत गेले तर ही भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळेनिळे, हातात चिंचेच्या पाण्याचा पेला.

"मावशी, हिला अजून इथंच ठेवलीय? आणि हे काय पाजताय?" मी सासूला विचारलं.

"आगं, हंड्याला खाऱ्या पान्याचा थर बसतो, त्यो चिंचेनं निगतो का न्हाई? तसाच ह्यो बी निगंल. दूध बी बंद केलंय तिचं. दुधात तेच असतंय म्हनं."

हे दुधाचं ज्ञान बहिणीच्या नवऱ्याचं. मॅट्रिक झालेला ना! "अक्का, ही दूध लई प्यायची," तो मलाच शिकवायला लागला. "तेच तिथं जाऊन बसलं."

"पाहुणे, तुमच्या विहिरीवरच्या मोटेचं कातडं दरसाल चिरतं," मी ओरडले, "ते काय दूध पिऊन? अहो, मेलेल्या जनावराचं ते! बायको मरायला टेकलीय आणि तुम्ही हंडे कसले घासताय?"

शेजारणी दारात जमल्या. मी बहिणीला उठवलं.

"नेतीस तर ने," सासू म्हणाली. "काय झालं तर आमच्याकडं बोट दावू नको."

मुंबईच्या डॉक्टरांना मी पहिलं दुधाचंच विचारलं. ते म्हणाले, "दुधाचा काडीचा संबंध नाही. ही झडप औषधात कमावलेली, निर्जीव. आपलं अंग फाटलं तर भरून येतं, हिला ते जमत नाही. दिवसातून लाखभर वेळा उघडायचं, मिटायचं. ती झिजते, आणि रक्तातलं कॅल्शियम तिच्यावर बसत जातं. मग ती ताठरते, फाटते."

"मग बसवताना का नाही सांगितलंत?"

"तेव्हा आम्हाला तरी कुठं कळलं होतं? अजूनही पुरतं कळलेलं नाही. तरुण माणसात लवकर साचतं, म्हाताऱ्यांत जास्त टिकते, एवढं दिसतंय."

त्यांच्यावरही मी चिडलेच. खरं बोलणाऱ्या माणसावर चिडून काय उपयोग, हे कळत असून चिडले.

बहीण सगळं ऐकत पडली होती. धाप आवरून म्हणाली, "मग डॉक्टर, आधी मला म्हातारी करा की. नवी त्याच्यानंतर बसवा."

मला हुंदका आवरेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "गप पड गं."

दुसऱ्या दिवशी ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. फुप्फुसांत पाणी फार झालं होतं; महिनाभर आधी आणली असती तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले.

तेराव्याला मी तिच्या सासरी गेले. पंगत बसली होती. सासू वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडं हात करून सगळ्यांदेखत म्हणाली, "घरात बरी व्हत आली हुती पोरगी. ह्या बाईनं मुंबईला नेऊन फाडली, म्हनून गेली."

पंगतीतल्या बायका "व्हय गं बाई, व्हय" म्हणत जेवत राहिल्या.