सोललेल्या मुळ्या

घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिलाच. म्हणून आपलं लिहिलेलं दुसऱ्यांनी वाचावं, असं म्हणतानाच मला संकोच वाटतो. मी शास्त्र शाखेचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि ज्या कामाबद्दल सांगतो आहे त्यात माझा वाटा मुख्यतः चुकीचाच होता. वाचणाऱ्यांनी माझी चूक पदरात घ्यावी. पण ज्यांनी ते काम केलं ते स्वतःबद्दल काही लिहायचे नाहीत.

माझ्या थोरल्या भावाचं डोकं धान कापणीच्या दिवसांत फिरलं. तो झोपेना, अंगावर धावून येई, कोणाला ओळखत नसे. वडील त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधत. बांधण्याआधी त्याच्या मनगटांना जुन्या धोतराची चिंधी गुंडाळत, दोर काचू नये म्हणून. शेवटी त्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. सर्पगंधाच्या मुळीने असे रोगी शांत होतात, पण रक्तदाब इतका उतरतो की उठताना पडतात. एका सरकारी प्रयोगशाळेत त्या मुळीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढून, त्याची घडण थोडी बदलून, नवं औषध करायचं काम चाललं होतं. ते तयार झालं की इस्पितळातल्या काही जणांना देऊन बघणार होते. वडिलांची तयारी असेल तर त्यांत माझा भाऊही असता. मात्र त्यासाठी चांगली मुळी पुरेशी मिळायला हवी होती, आणि ती होती आमच्याच चांदा जिल्ह्याच्या जंगलात.

नाताळच्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेचे एक साहेब मुळी गोळा करायला भामरागडकडे आले. त्यांना मराठी येत नव्हती. मदतनीस म्हणून मी गेलो. भावाबद्दल मात्र त्यांना काही बोललो नाही, धीरच झाला नाही.

साहेब अंगाने किरकोळ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. चालताना ते मला समजावून सांगत. मुळीत कितीतरी द्रव्यं असतात. मेंदूपर्यंत पोचून काम करणारा असतो एखादाच लहानसा रेणू. तो शोधण्यातच काही वर्षं गेली होती, आणि तो माणसांवर चालेल की नाही, ते अजून कोणी सांगू शकत नव्हतं. अशा बेभरवशाच्या कामाला, तेही दोराने बांधलेल्या माणसांसाठी, आपलं नवं सरकार पैसा देतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे. मला तर अभिमान वाटे, अजूनही वाटतो.

पुढच्या गावांतली झाडं बघायला साहेब आठवडाभर गेले आणि काम माझ्यावर सोपवलं. तिथल्या माडिया आदिवासी बायका मुळ्या खणून आणत. मुळ्या मातकट, सुरकुतलेल्या. आमच्याकडे सरकारात काही पाठवायचं तर साफ करून पाठवायची रीत. तहसीलदाराच्या मुक्कामाला जाणारे तांदूळ आई दोनदा निवडायची. मी त्या बायकांकडून सगळ्या मुळ्या विळ्याने सोलून घेतल्या. पांढऱ्याशुभ्र मुळ्यांनी पोती भरली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

साहेब परतले. त्यांनी एक मुळी उचलून दाताखाली चावली. मग दुसऱ्या पोत्यातली चावली. मुळी कडू लागायला हवी होती, ती लागत नव्हती. औषध जवळजवळ सगळं सालीत असतं, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले आणि पोत्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. जवळपासची झाडं खणून झाली होती. मला तेव्हा फक्त गोठ्यातला खांब दिसत होता. भावाबद्दल जे इतके दिवस सांगितलं नव्हतं, ते मी तिथेच सांगून टाकलं.

मुळी सोलणाऱ्या बायकांत एक म्हातारी होती. माझा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं, तर ती हसायला लागली.

"साल आमी फेकली नाई बाबू. अंगणात वाळून राह्यली. औषध तं तिच्यातच असते."

"मग मले काऊन नाई सांगितलं बाई?"

"तू कालेजात शिकून राह्यला नं. मले वाटलं, तुले ठाऊक असन. सरकारले लाकूड पायजे, तं लाकूड देल्लं."

बाकीच्या बायकाही हसल्या. त्यांच्या गावात कोणाचं डोकं फिरलं की ती म्हातारी चिमूटभर साल देत असे, म्हणून बायकांनी साल जपली होती. मग घराघरांतून टोपल्या आल्या. साहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती कोणाला किती देते, कधी थांबवते, हे मला विचारायला लावून त्यांनी वहीत उतरवून घेतलं. एवढा शिकलेला माणूस माझ्याकरवी तिला पुन्हापुन्हा "एकदा परत सांगा" म्हणत होता. जाताना तिने विचारलं, हे औषध आमच्याकडे येईल का. साहेबांनी हो म्हटलं नाही. कबूल करण्यासारखं अजून हातात काही नाही, म्हणाले. मलाही त्यांनी तेच सांगितलं: वडिलांना अजून आशा लावू नकोस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा गेलो. जितकी झाडं खणली तितकी परत लावायची, असं साहेबांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी वाफे करायचे होते. त्यातच सुट्टीच्या अखेरीस पाऊस लागला, नद्या चढल्या, रस्ता बंद झाला. नवं औषध इस्पितळात पोचलं आणि भावाला ते द्यायच्या कागदावर वडिलांनी अंगठा केला, एवढं निघण्याआधी कळलं होतं. त्यापुढचं काहीच कळेना. दोन आठवडे मी रोज पलीकडचा काठ बघून येत होतो.

पाणी उतरल्यावर डाकवाला आला. वडिलांनी गावच्या गुरुजींकडून लिहवलेलं कार्ड होतं, भिजून अर्धी शाई पसरलेली. वडील नागपूरला जाऊन आले होते. भाऊ पूर्ण बरा नाही, हात कापतात. पण रात्री झोपतो, आणि उठताना पडत नाही. वडील समोर जाऊन उभे राहिले तेव्हा त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाबा, तुमी लय थकले जी."