कल्ला नसलेला मासा

कुत्रा भाताला तोंड लावत नाही, असं मी फोनवर सहज बोलले. लगेच मुंबईच्या माझ्या मुलाने तीन कंपन्यांचं कुत्र्यांसाठीचं ‘ताजं’ जेवण आमच्या थळच्या पत्त्यावर धाडलं. म्हणे तुलना कर, आवडेल ते दर आठवड्याला मागवू. हे ताजं जेवण पोचायलाच दोन दिवस लागले.

पहिल्या कंपनीचं कोंबडी-भोपळा कुत्र्याने हुंगलं आणि पाठ फिरवली. दुसरीच्या खिम्यात गाजर, वाटाणे आणि कसलासा पाला. ती ताटली त्याने सरळ उलटी केली. तिसरीने तर कहर केला. बंदराला लागून असलेल्या घरात पाकिटातून वाटलेली मासळी पाठवली!

रोजची कोळीण पाटी घेऊन दारात आली होती. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“याचा कल्ला कुठं हाय?”

कल्ला उचलून आतली लाली बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी मासा घेत नाही. मुलाला तिथूनच फोन करून हे सांगितलं, तर म्हणतो कसा, “अगं आई, पाकिटावर तारीख असते!”

तोवर कुत्र्याने कोळणीच्या पाटीतली मांदेली फस्त केली होती. लहानपणी माझ्यासोबत कल्ले उचलून बघणारा मुलगा आता तारखा वाचतो. माझ्याखेरीज घरात मासळीची पारख असलेला तेवढा कुत्राच उरलाय.