पायाळू साडूंचं मालिश केंद्र

माणसाच्या पाठीचा आमच्या साडूंनी जेवढा विचार केला, तेवढा ती घडवताना देवानंही केला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार मंठा. लग्नाच्या पंगतीत पाहुणे समोरून कसे दिसतात हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण ते पंगतीच्या मागच्या बाजूनंच फिरायचे. वाढप्याच्या मागोमाग जाऊन एखाद्या अनोळखी माणसाच्या मानेवर अंगठा टेकवायचे आणि विचारायचे, "डाव्या कुशीवर झोपता, बराबर?" त्या माणसाचा घास तोंडातच राहायचा. एकदा तर अंतरपाटाआड उभ्या असलेल्या नवरदेवाला त्यांनी "खांदे खाली सोडा, कानाला लागून राह्यलेत" असं बजावलं आणि भटजींना मंगलाष्टक मध्येच थांबवावं लागलं. कोणी हात पुढे केला तर तो लवकर परत मिळत नसे. अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत ते त्या माणसाची झोप, पोट आणि बायकोशी झालेलं भांडण असं सगळं काढून घेत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे.

तरुणपणी ते पुण्याला एका मालिश केंद्रात झाडलोट करायला लागले होते. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी त्यांचे हात पाहिले आणि झाडू काढून घेतला. दहा वर्षं शिकून, करून ते मंठ्याला परतले आणि बाजारात खताच्या दुकानाशेजारी गाळा घेऊन 'मालिश केंद्र' अशी पाटी लावली. गावानं पाटी वाचली आणि डोळे मिचकावले. आमच्या सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो, वाचली तेव्हा आठ दिवस धाकट्या लेकीशी अबोला धरला. "आपल्या घराण्यात जावयानं दुसऱ्याची अंगं चोळलेली न्हाईत," ते मला म्हणाले. मी शाळामास्तर, शिकलेला माणूस, तर त्यांना समजावून सांगायला हवं होतं. पण शाळेत कोणी विचारलं की साडू काय करतात, तर मीही "आयुर्वेदाचं काहीतरी बघतात" असं पुटपुटून खडू उचलायचो.

आणि काम तर असं करायचे की बघत राहावं. तेल आधी स्वतःच्या मनगटावर घालून ऊब बघणार. मोबाइल बाहेर, चपला बाहेर, बोलणंही बाहेर. पहिली दहा मिनिटं तर ते पाठीवर नुसता हात ठेवून बसायचे. कोणी वैतागून "चालू कधी करता?" म्हणालं तर म्हणायचे, "तुमचं अंग अजून घाबरून राह्यलंय. त्याला जल्दी न्हाई, तुम्हालाच हाय." काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या एकाची मान अशी धरली होती की मागचं बघायचं तर तो आख्खी जीप वळवायचा. साडूंनी तीन आठवड्यांत ती मान मोकळी केली. कापूस वेचून वाकलेली माणसं, ऊसतोडीला जाऊन खांदे गमावून आलेली माणसं त्यांच्याकडे येत आणि घरी जाऊन गाढ झोपत. माझी स्वतःची कंबर त्यांनी चार रविवारांत सरळ केली. मी मात्र सगळ्यांना सांगितलं की गोळ्यांनी फरक पडला.

पण साडूंच्या नशिबात एक खोट जन्मतःच होती. ते पायाळू होते, आईच्या पोटातून पायाकडून आलेले. आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे अजून पक्कं आहे. त्यामुळे तासभर मालिश करून घेतलेला माणूस उठता उठता सहज म्हणायचा, "आता तेवढा पाय लावा, म्हणजे झालं." साडू लालबुंद व्हायचे. "दहा वर्षं हात शिकलो मी. पाय शिकलो न्हाई. पाय बिलकुल लावणार न्हाई." माणूस रागावून निघून जायचा आणि आणखी चारजणांना घेऊन जायचा. तरी साडू हटले नाहीत. एक दिवस, एक तरी माणूस चारचौघांत म्हणेल की हातानं गुण आला, एवढ्या एका वाक्यासाठी ते त्या गाळ्यात बसून होते.

ती वेळ मामांच्या घरीच आली. नातवाचं जावळ होतं, अंगण पाहुण्यांनी भरलेलं. मामा वरणाचं पातेलं सरकवायला वाकले आणि तसेच अडकले. चारी बाजूंनी एकच गलका झाला, की पायाळू जावई घरातच हाय, लावा पाय. जावयाचा पाय लागायला तशी हरकतही नव्हती, लग्नात मामांनीच तो धुतला होता. साडू पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "मामा, पाय न्हाई. हात लावू द्या. मला घंटाभर द्या."

वेदनेपुढे मामांचं घराणं गप्प बसलं. त्यांना ओसरीत सतरंजीवर पालथं झोपवलं, तेलाची वाटी मी धरली. साडू मांडी घालून बसले ते घंटाभर हलले नाहीत. फक्त हात चालत होते, कुठे तळवा, कुठे कोपर, कुठे एकच बोट. इतकी वर्षं त्या हातांना नावं ठेवणारे मामा मध्येच घोरायला लागले. जागे झाले तेव्हा आपले आपण उठले आणि वाकून जमिनीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. साडू मामांच्या तोंडाकडे बघत होते. कुणाच्याही तोंडाकडे इतकी आस लावून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मामा म्हणाले, "उठताना ह्याचा पाय लागल्ता माझ्या कमरेला. त्यानंच उतरली."

कुणाचाही पाय लागला नव्हता. मामांनाही ते ठाऊक असावं, कारण ते लगेच माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही तर बाजूलाच होते. लागल्ता का न्हाई?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. पंगत खोळंबली होती, मामांचा मान होता, दोन सहकारी शिक्षकही जेवायला आलेले होते. अशी कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. तेव्हा मी म्हणालो, "लागला असेल, मामा."

साडूंनी हात पुसले आणि पंगतीला बसले. कुणाच्या पाठीकडे पाहिलं नाही, खाली मान घालून जेवले.

पुढच्याच महिन्यात पाटी उतरली. आता गाळ्यात एक खुर्ची आहे आणि समोर सतरंजी. माणसं जाफराबादेहून, घनसावंगीहून जीप करून येतात, ओळीनं पालथी पडतात. साडू खुर्चीतून पाय टेकवतात, उचलतात, पुढचा. गावात मान वाढला. मामा आता लग्नकार्यात त्यांना शेजारी बसवतात आणि "आमचे पायाळू जावई" म्हणून ओळख करून देतात. ती ओळख होत असताना साडू भिंतीकडे बघत असतात.

मागच्या महिन्यात माझी कंबर पुन्हा धरली. गेलो, रांगेत बसलो, नंबर आल्यावर पालथा पडलो. हळूच म्हणालो, "साडूभाऊ, जरा हातानं बघता का?"

"हातानं करत न्हाई आता, सर. मोडली सवय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग पाय टेकला. इतरांना टेकतो तसा टेकला आणि उचलला नाही. अंगठा मणक्यापासून दोन बोटं डावीकडे सरकला, मलाही दाखवता आली नसती ती नेमकी जागा त्यानं शोधली आणि माझा श्वास सुटेल तसं हळूहळू दाबत गेला. माझ्या मागचा माणूस खाकरला, तसा पाय उचलला गेला.

"उठा," साडू म्हणाले, "उतरंल."

मी लगेच उठलो नाही. 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते मी बोललोही, पण तोंड खाली होतं, सतरंजीलाच ऐकू गेले असतील.