निवत्या लोखंडावर

आमच्या घरात घण सासूबाईंच्या हातात असे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला त्याचं भलतंच नवल वाटलं होतं. सासरे ऐरणीपुढे बसून सांडशीने तापलं लोखंड धरत, लहान हातोडीने टिचकी मारून जागा दाखवत, आणि नेमका तिथेच सासूबाईंचा घण पडे. दोघांत एक शब्द नाही. नवरा मिलमध्ये, म्हणून भाता माझ्याकडे आला. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे लोखंड कधी बाहेर काढायचं तेही मीच सांगू लागले.

त्या वर्षी ऊसतोडीच्या तोंडावर कोयत्यांचं काम आलं आणि सासूबाईंचा उजवा खांदा धरला. मी घण मागितला तर म्हणाल्या, "तुजं हात अजून कवळं हायती." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी आपलं डोकं चालवलं. दुप्पट वेळ भाता ओढायचा, लोखंड पांढरंफेक करायचं. मग ते लोण्यासारखं दबे, थोड्याच घावांत पातं तयार. पातं लालभडक असतानाच सासरेही टिचक्या थांबवत, की घणही थांबे. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

पंधरा दिवसांनी एक ऊसतोड करणारी बाई मोडका कोयता घेऊन दारात आली. पात्याचा तुकडा उडून बांधावर पडला होता, तिच्या निजलेल्या पोरापासून हातभर अंतरावर. ती भांडली नाही. तिने कोयता ऐरणीवर ठेवला आणि पोराला छातीशी घेऊन उभी राहिली.

सासऱ्यांनी मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि कोयता माझ्या हातात दिला. आत जाड्या मिठासारखे चकचकीत कण होते.

"लोखंड नुसतं आगीत ऱ्हायलं की आतला कण फुगतुया," ते म्हणाले. "त्यो घावानंच बारीक व्हतो. निवत आलेल्या लोखंडावरचं घाव तर लईच कामाचं, आन् तेच आपून घातलं न्हाईत."

"मीच जास्त तापवत होते," मी म्हटलं. "आत्याबाईंचा खांदा दुखतोय म्हणून."

"मला कळत हुतं," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "घण हलका पडतुया, बरं वाटत हुतं. म्हून गप बसले."

"मी तरी कुटं बोललो," सासरे म्हणाले.

दिलेले सगळे कोयते आम्ही परत मागवले. त्या बाईचा पहिला घ्यायचा ठरला. मी न विचारता घण उचलला आणि सासूबाई भात्यावर जाऊन बसल्या. लोखंड पिवळं असताना घण घालणं काहीच नाही. ते काळपट लाल होऊन ताठरलं, तशी माझी पाठ भरून आली. सासऱ्यांची टिचकी मात्र थांबेना, आणि मीही थांबले नाही. तो कोयता सासऱ्यांनी मुद्दाम ऐरणीवर आपटून पाहिला, मगच तिला दिला.

संध्याकाळी खांदा इतका ठणकत होता की मला वेणीही घालता येईना. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. मी त्यांना जीव लावून बसले होते, ते मला तेव्हा पुरतं कळलं. त्यांचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून माझा खांदा त्यांच्या हाताशी यावा अशी मी त्यांच्या पायाशी खाली बसले.